रोह्याच्या बाजूची चूक

रोह्याच्या ऑफिसात राउटरचं कपाट उघडायच्या आधी पोरं सुजयच्या फोटोला हात जोडतात. चांगली शिकलेली पोरं, पण लाईन अडली की पुटपुटतात, "सुजयदादा, बघ जरा." पेणहून येणारा जितेश तेवढा हात जोडत नाही. सगळ्यांना वाटतं, जिवलग मित्र होता, फोटोकडे बघवत नसेल. बघवत नाही हे खरंच आहे.

जितेशची बारा वर्षं दोन राउटरांत गेली. एक पेणला, एक रोह्याला. दोघांनी एकमेकांना शेजारी मानलं तरच रोह्याचं इंटरनेट चालतं, आणि त्यासाठी प्रत्येकात दुसऱ्याचा पाच आकडी नंबर अचूक लिहावा लागतो. जुळलं की दर मिनिटाला ते एकमेकांना कळवत राहतात, मी आहे. तीन मिनिटं काही आलं नाही तर पलीकडचा गेला असं धरतात. आणि जुळलंच नाही, तर या धंद्यात पहिलं वाक्य ठरलेलं: आमच्याकडे सगळं बरोबर आहे, तुमच्या बाजूला बघा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

दोन वर्षांपूर्वी जितेशने पेणला नवा राउटर बसवला आणि शेजारी काही जुळेना. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांतून फोनवर फोन. सुजयची त्या दिवशी सुट्टी होती, तरी जितेशने त्यालाच रोह्याला पिटाळलं.

दुपारी सुजयचा फोन आला. "इथं काय बिघडलेलं नाय रे. तुझ्याकडं बघ."

"माझ्याकडं बरोबर हाय. तू परत बघ," म्हणत जितेशने आपली नोंद उघडली. रोह्याच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. त्याने गुपचूप सरळ केले. लाईन लागली. वर त्यानेच विचारलं, "काय केलंस रे?"

सुजय हसला. "नुसता हात लावला."

हीच गंमत त्याने आईलाही फोन करून सांगितली, आणि परतताना नागोठण्याजवळ तो ट्रेलरखाली गेला.

तेव्हापासून रोह्याकडून दर मिनिटाला 'मी आहे' येतं आणि जितेशच्या अंगावर काटा येतो. भर दुपारी, चार माणसांत बसलेला असताना. सुजयच बोलतोय असं त्याला वाटतं. बोलून टाकावं, तर सुजयच्या म्हाताऱ्या आईचा एकुलता एक दिलासा हिरावला जाणार. गप्प राहावं, तर हे असं.

आज कंपनीच्या मालकाने रोह्यासाठी नवा राउटर आणला आणि पूजेला सुजयच्या आईला, काशीबाईंना बोलावलं. राउटरला कुंकू लावून त्या पोरांना सांगू लागल्या, "माझ्या सुजयनं नुसता हात लावला नि लाईन चालू झाली. व्हय ना रे जितेश?"

दोन वर्षं तो 'व्हय' म्हणत आला होता. आज त्याच्याने म्हणवेना.

"नाय काकी. चूक पेणला होती. माझी. मीच ती सुधारली. इथं काय बिघडलेलंच नव्हतं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काशीबाईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"मंग त्याला पाठवलास कशाला?" त्यांनी विचारलं.