तेल लावलेला दोर

अंबडहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हाच मला परत फिरावंसं वाटत होतं. कौसल्येची लेक रेखा आम्हा तिघी मैत्रिणींना, म्हणजे कौसल्येला, शांताला नि मला, दोरावरून घळ (पाण्यानं कापलेली डोंगरातली अरुंद दरी) उतरवणार होती. रेखा अशी माणसं नेहमी नेते, तिला सराव आहे. आम्हाला कुठला? आमचा जन्म खुरपणीत गेलेला.

"खाली वाकून बघू नको, चक्कर येती," शांता मला म्हणाली. ती स्वतः बसच्या खिडकीतूनही बघत नव्हती, बरं का.

भोकरदनच्या पुढं जीप केली, मग डोंगरातून पायी. घळीच्या तोंडाशी बसून धपाटे-दही सोडलं. मी तरी खाली वाकून बघितलंच. खाली काळा कातळ, त्यावरून पाण्याची बारीक धार, आणि तळ सावलीत बुडालेला. वारासुद्धा तिथून गार येत होता.

रेखानं दोर पक्का बांधला. कमरेला पट्टे बांधून आधी कौसल्या उतरली, साडीचा काष्टा मारून, भराभरा. मग दोराचं टोक धरून खाली उभी राहिली. वरचं माणूस घसरलं तर खालून दोर ताणायचा, म्हणजे पट्ट्याच्या कडीत दोर आवळतो नि ते जागीच थांबतं, असं रेखानं तिला शिकवलं होतं.

रेखा माझे पट्टे आवळत होती, तेवढ्यात आमच्या पाठीमागं शांतानं आपलं काम उरकलं. दसऱ्याला आपण विळा-कोयता पुजतो ना, तसा तिनं काठावरचा दोर पुजला. हळद, कुंकू, आणि वर बाटलीतलं तेल, सढळ हातानं.

मी पाय खाली सोडला नि दोर मुठीतून सुळकन सरला. धरते, धरते, पण हातात राहीना. डोळ्यांपुढं ना देव ना नातवंडं, नुसता काळा कातळ वर पळत होता.

"आई, ओढ! दोर ओढ!" रेखा किंचाळली.

हिसका बसला. मी लोंबकळत थांबले.

"धरलंय गं! हालू नको!" खालून कौसल्या.

थोडं थोडं ढिलं देत तिनं मला उतरवलं. पाय वाळूला लागले तशी मी तिथंच बसकण मारली. वर रेखा दोराचा वास घेत विचारत होती, "शांतामावशी, हे तेल कसलं?"

"करडीचं. घाण्यावरचं हाय. मी काय भेसळीचं लावीन व्हय?"

मग शांता पायवाटेनं उतरून आली. पायवाट होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

परतीच्या एसटीत कौसल्येनं मूठ उघडली. तळहातावर दोराचा लालभडक वळ. शांतानं तो बघितला. मग तिनं पिशवीतून तीच बाटली काढली आणि उरलेलं तेल त्या वळावर हलक्या हातानं चोळू लागली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

"भीती गेली का गं?" कौसल्येनं मला विचारलं.

"न्हाई."

खरंच सांगते, अजून गेली नाही. घरचा जिना उतरतानाही मी कठडा धरते.

"मंग पुन्हा येशील?"

"खाली तू उभी राहशील तर येईन."

"आन् मी दोराला काय लावू?" शांतानं नाक ओढत विचारलं.

"नुसतं फूल वाहा!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.