पुलगावहून आर्वीला, पोहोचायची घाई न करता

सोबत नवरा आहे आणि दुसरं कोणीच नाही, एवढ्या एका गोष्टीवरून मला त्या दिवशी सकाळपासून हसू फुटत होतं. आईनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. सांगणार काय?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वैशाखात माझं लग्न झालं होतं आणि पहिल्या दिवाळीला मी माहेरी, बोरगाव मेघेला आले होते. सासर आर्वीचं. घर माणसांनी भरलेलं, त्यामुळे लग्नाला इतके महिने होऊनही आम्हा दोघांचं बोलणं पाणी द्या, टॉवेल कुठंय, एवढ्यावरच अडलेलं. नवऱ्याचं नाव मधुकर, आर्वीतच शाळामास्तर. तेव्हा मी हे नाव ओठांवर येऊ देत नसे, आता बिनधास्त घेते. मला न्यायला खरं तर मोठे भाऊजी येणार होते. पण शेतात कापसाची वेचणी सुरू झाली, ते अडकले, आणि शाळेला सुट्ट्या असल्यानं मधुकरलाच एकट्याला पाठवलं.

सायकलरिक्षानं वर्धा स्टेशन, तिथून पॅसेंजरनं पुलगाव. इथपर्यंत आम्ही शहाण्यासारखे, मधे पिशवी ठेवून बसलो होतो. मला एक गोष्ट त्याला सांगायची होती आणि ती सासरी पोहोचण्याआधीच सांगायला हवी होती, हे मनात टोचत होतं. माझी मावशी आमच्या गावाजवळच, सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला होती. दिवाळीत तिनं मला तिथली रक्त तपासायची खोली दाखवली. सूक्ष्मदर्शकाच्या नळीत डोळा घातला आणि मी तिथंच हरवले. नव्या वर्षात काही मुलींना हे काम शिकवणार होते. मी विज्ञान घेऊन मॅट्रिक झालेली, मला जागा मिळत होती. पण त्यासाठी दर आठवड्याला सोमवार ते शनिवार माहेरी राहायला लागणार होतं. नवी सून, आणि माहेरी.

पुलगावला मोठ्या गाडीतून उतरून आर्वीची छोटी गाडी धरायची. मधे भरपूर वेळ असायचा. स्टेशनबाहेर आलूबोंडा आणि वर लालभडक रस्सा. मधुकरनं मोठ्या रुबाबात जास्तीचा रस्सा मागितला आणि पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी हसायला लागले ते थांबेचना. घरी असं हसले असते तर चार जणांनी वळून पाहिलं असतं. तो डोळे पुसत म्हणाला, "काऊन हासून राह्यली?" आणि स्वतःच हसला. आईनं बांधून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच राहिल्या.

ज्यांनी ती छोटी गाडी पाहिली नाही त्यांना कसं सांगू? दोन रुळांत हातभरच अंतर वाटावं असं. डब्यात समोरासमोर बाकडी, आणि बसलं की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचाच. मधुकर समोर बसला. गुडघा लागला. दोघांनीही मागे घेतला नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, पण बाहेर काय होतं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

विरूळला एक म्हातारी आजी गाठोडं घेऊन चढली आणि माझ्या शेजारी टेकली. माझ्या हातातला हिरवा चुडा पाहून तिनं मधुकरची चौकशी सुरू केली. कुठले, कोणाचे, काय करता. मग तिनं बायकोचं नाव विचारलं. सगळा डबा ऐकत होता. मधुकरचे कान लाल झाले.

"निर्मला," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. घरी तो मला "ऐक ना" म्हणायचा. आजीनं मान डोलावली आणि गाठोड्यातली दोन हिरवट संत्री काढून दिली. ती इतकी आंबट होती की आम्ही एकमेकांची तोंडं पाहत खाल्ली.

रोहण्याच्या अलीकडे गाडी थांबली. इंजिनाची वाफ कमी पडली होती, वेळ लागेल, असं गार्ड डब्याडब्यात सांगून गेला. कोणालाच वाईट वाटलं नाही. माणसं उतरली, बाया सावलीला बसल्या. आम्ही रुळाच्या कडेकडेनं चालत निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या गप्पा वाऱ्यावर येत होत्या. मी धड माहेरची नव्हते, धड सासरची नव्हते. डोक्यावरचा पदर कधी घसरला तेही कळलं नाही. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. रक्ताचा थेंब काचेवर कसा पसरतात, नळीतून तो कसा दिसतो, तेसुद्धा.

तो चालायचा थांबला.

"मंग मी?" त्यानं विचारलं.

"तुमी शनिवारी या," मी म्हटलं. "नाईतं मी येईन. ही गाडी हायेच ना."

तो काही बोलणार तेवढ्यात शिट्टी झाली. आम्ही बरेच पुढे आलो होतो आणि गाडी आमच्याच दिशेनं येत होती, म्हणजे पळायची काही गरज नव्हती. तरी आम्ही उलटे तिच्याकडे पळत सुटलो. माझी एक चप्पल निघाली, ती उचलायला तो मागे वळला. गाडी संथपणे जवळ आली, लोकांनी हात देऊन आधी मला वर ओढलं, मग चपलेसकट त्याला. आम्हाला धाप लागलेली, हसू आवरत नव्हतं, आणि त्याचं उत्तर राहूनच गेलं.

त्यानंतर आर्वी येईपर्यंत तो गप्प. गुडघा मात्र तिथंच होता. जसजसं गाव जवळ आलं तसतसा माझा पदर आपोआप डोक्यावर गेला, पाठ ताठ झाली. स्टेशनवरून घरी पायी निघालो तेव्हा तो चार पावलं पुढे आणि मी मागे. वाटलं, संपलं सगळं.

दारात सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. सासरे ओट्यावर बसलेले. सासूबाईंनी तुकडा ओवाळायला हात उचलला, तेवढ्यात मधुकर म्हणाला, "आई, निर्मला सेवाग्रामले शिकायले जाईन. रक्त तपासायचं काम हाये. मी हो म्हटलं."

सासूबाईंचा हात तसाच वर राहिला. आधी आत तर ये, असं त्या म्हणाल्या.

"आत आलो का सांगाचं राहून जाईन," तो म्हणाला. "इथंच सांगतो."

सासऱ्यांनी एवढंच विचारलं, की हिची ने-आण कोण करणार. मधुकर म्हणाला, मी. मग पाणी पायांवर पडलं आणि आम्ही आत गेलो. घरात काही दिवस कोणी धड बोललं नाही. जावेनं मात्र स्वयंपाकघरात मला हळूच कोपर मारलं. शेवटी सासरे "पाहा बापा तुमचं तुमी" म्हणाले, आणि नव्या वर्षात मी सेवाग्रामला शिकायला लागले. पुढे निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. सुरुवातीच्या काळात एका शनिवारी तो यायचा, एका शनिवारी मी. रविवारी परतणाऱ्याला दुसऱ्यानं पुलगावपर्यंत पोहोचवायचा रिवाज होता. आमचा संसार आधी त्या गाडीत लागला, घरात नंतर.

तुम्ही आता जाल तर ती गाडी मिळणार नाही, कधीचीच बंद झाली. पुलगावहून आर्वीला एसटी आहे, रस्ता चांगला आहे, बघता बघता पोहोचाल. जायचंच तर दिवाळीनंतर जा, कापूस फुटलेला असतो. आणि सोबत ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय असं माणूस घ्या.

आज आमचं घर आर्वीतच आहे, मुलं बाहेरगावी, दोघंच असतो. ऐकायला कोणी नाही, हवं ते बोलावं. तरी घरात तोंडातून निघत नाही. मागच्या आठवड्यात मधुकर अस्वस्थ होता, डॉक्टरांकडून आल्यापासून गप्प. संध्याकाळी म्हणाला, चाल, एसटी डेपोत जाऊन येऊ. मी विचारलं, कोणती गाडी पकडायची आहे?

"कोणतीच नाई," तो म्हणाला.

आम्ही बाकावर बसलो. वर्ध्याची लागली, पुलगावची सुटली. आणि मग तो बोलायला लागला.