बिबड्यांची राखण

लहानपणी आमच्या घरात बिबड्यांचा डबा होता, बिबड्या नव्हत्या. डब्यात गोधडीसाठी जपलेल्या चिंध्या असत. आई उन्हाळाभर लोकांच्या घरी बिबड्या घालायला जायची. लसूण-मिरची घालून शिजवलेल्या ज्वारीचे हे आमचे खानदेशी पापड. मजुरीसोबत तिला तो शिजलेला घाटा पातेलीभर मिळायचा. उद्या याच्याच आपल्या बिबड्या घालू, असं ती म्हणायची. आम्ही घाट्यावर कच्चं तेल ओतायचो आणि पातेली चाटून ठेवायचो. भूकच तशी होती.

मी बी.कॉम. झाले. घराण्यातली पहिली, हे मी न विचारताही सांगते. नोकरी लागली, पिंप्राळ्यात घर झालं, घरावर गच्ची आली. पहिल्याच उन्हाळ्यात आईने ठरवलं, यंदा तो डबा भरायचा. आयुष्यभर लोकांचे भरले, आता स्वतःचा.

पहाटेच घाटा शिजला. ऊन चढायच्या आत गच्चीभर बिबड्या पसरून झाल्या. आई मला म्हणाली, "तू कॉलेज शिकेल शे ना? मंग बस आठे. एक बी बिबडी कमी व्हवाले नको."

मी छत्री घेऊन बसले. कावळे, चिमण्या, सगळ्यांना हाकललं. माणसांचं काय करायचं ते तिने सांगितलं नव्हतं. अर्धवट सुकलेली, कडेला कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत बिबडी ज्याने खाल्ली आहे त्यालाच आमची अडचण कळेल. आधी माझे वडील, आबा, वर आले.

"टाकीमा पानी शे का, दखाले उनू," म्हणाले. टाकी पाहायला त्यांनी तोंड हलवत बराच वेळ घेतला. मग भाऊ आला. त्याच्या मोबाईलला म्हणे खाली रेंज नव्हती. दुपारी बिबड्या उलटताना मी जवळजवळ मांडून मोकळी जागा दिसेनाशी केली. त्या कामाची मजुरी म्हणून दोन मीही खाल्ल्या.

संध्याकाळी आईने गच्चीवर एक नजर टाकली. मग खाली जाऊन ती मिरच्या निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बिबड्या घातल्या. गच्चीवरून उतरून जेवायला बसलो तेव्हा आबांना उचक्या थांबेनात. भाऊ तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. माझ्या कानातून वाफा निघत होत्या, पण मी निमूटपणे भात कालवत होते.

"का हो," आई आबांना म्हणाली, "कोन याद करी राह्यनं तुमले?"

आबांनी भावाच्या हातातला तांब्या ओढून घेतला. तिने अधूनमधून काही बिबड्या जहाल तिखट घातल्या होत्या. कोणत्या, ते तिलाच ठाऊक. दिसायला सगळ्या सारख्या.

तिसऱ्या दिवशी टाकीत पाणी आपोआप पुरेसं झालं, भावाला खाली रेंज यायला लागली. मी छत्रीखाली बसून खरोखरची राखण केली. तिखट बिबड्या मुळात फार थोड्या होत्या, हे आईने आम्हाला पावसाळ्यात सांगितलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरचा डबा काठोकाठ भरला. वर्षभर पुरला.