‘अतिशांत’ डब्याची चाचणी

मंडळी, मानपाड्याला आमच्या छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरचे एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारे डबे, तपासले जातात. आज नव्या मॉडेलचा नंबर होता. उद्या माल निघायचा होता आणि खोक्यांवर ‘अतिशांत’ छापूनही झालं होतं. आपल्याकडे बारसं आधी, बाळ नंतर.

आवाजाची चाचणी दहा मिनिटांची असते. डब्यातल्या पंख्याचं हूं की चूं नाही. मालक खूश. "सावंतबाई, करा सही!"

चाचणी घेणाऱ्या सावंतबाई म्हणाल्या, "जेवून येते. तोवर फुल लोडवर चालू राहू दे."

"अहो, पास झालाय ना तो?"

"मग पळून थोडाच जाणारे?"

जेवून आलो तर डबा तव्यासारखा तापलेला, जळका वास सुटलेला आणि पंखा ढिम्म. आवाज होऊ नये म्हणून तो फार उशिरा सुरू होईल असाच लावलेला.

मालक म्हणाले, "पण शांत आहे की नाही?"

"शांत नाही साहेब, गप्प आहे," बाई म्हणाल्या आणि पेन पर्समध्ये टाकलं.

माल थांबला. पंखे आता लवकर सुरू होतील, आवाजही करतील.

परतताना रिक्षात मात्र मी जरा अस्वस्थ होतो. आमच्या सोसायटीच्या सभेत कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून सचिव या नात्याने मी गेली कित्येक वर्षं समाधानी आहे. रविवारी एकेकाचं दार वाजवून विचारावं म्हणतो.

तुमच्याकडच्या सभा कशा होतात?