उलट्या फुलांची चादर

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, हे मी घरी सांगायलाच नको होतं. नान्ना, म्हणजे माझे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेपासून तयार! सोलापुरात चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात मागावरचे पुठ्ठे बांधण्यात घालवली. पुठ्ठ्याला जशी भोकं, तशी चादरीवर नक्षी.

मी मात्र सहा वर्षं मोहोळकडच्या ज्वारीत मुनियांमागे फिरले. इवलीशी गाणारी पाखरं. थोडक्या काळात त्यांच्या कितीतरी जाती झाल्या, आणि जनुकं बघाल तर जवळजवळ सारखीच. मग फरक आला कुठून? एवढंच तर सांगायचं होतं.

बाहेरगावचे परीक्षक समोर बसले आणि माझी बोबडी वळली. "जनुकातलं एक अक्षर बदललं की नवी जात," असं मी बोलून गेले.

"मग रोजच नव्या जाती निघायला हव्यात," परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले.

सहा वर्षं पाण्यात जाणार, या भीतीनं डोळे भरून आले.

"चुकलं पोरीचं!" मागच्या खुर्चीवरून नान्ना बोलले. अगं बाई! कुठं तोंड लपवू असं झालं मला.

"एक भोक चुकलं तर नुसता डाग पडतो, सर. मी एकदा पुठ्ठ्यांचा अख्खा जुडगाच उलटा बांधला. वेल सरळ, फुलं उलटी! मालक लई ओरडले. पण तो जुडगा तसाच फिरत राहिला, सुटला न्हाई, म्हणून नवं डिझाइन झालं. दुकानदार तेच मागाय लागले की."

आणि मी बोलत सुटलेच. मुनियांतही गुणसूत्राचा एक तुकडा असाच उलटा बसलाय, त्यातली रंगाची जनुकं एकगठ्ठा पिल्लांकडे जातात, सरळ तुकड्याशी सरमिसळ होत नाही, म्हणून वेगळेपण टिकतं. माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण यावरच होतं हो!

परीक्षक खुशीत हसले. "काका, ती पहिली चादर बघायला हवी."

"मालकांनी माझ्या अंगावर फेकली ती. घरी नेली. त्याच आठवड्यात ही जन्मली. हिला त्यातच गुंडाळून दवाखान्यातनं आणली, सर."

हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत असताना 'ही नको, मला सरळ फुलांची चादर हवी' म्हणून मी केवढा थयथयाट केला होता! मी भर सभेत रडले.

"आता पास करा की हिला," नान्ना म्हणाले.

परीक्षकांनी पेन काढलं.