गाडी वेळेवर थांबली होती: पुणे ते अंबड, तीन दिवस

जावंसं वाटत नसताना केलेल्या प्रवासाबद्दल मी या ब्लॉगवर आजवर लिहिलेलं नाही. हा तसा पहिलाच. रेखाच्या तेराव्याला मी गेले नव्हते. ऑफिसचं कारण पुढे केलं आणि घरीच बसले. त्यानंतर तीन आठवड्यांनी भास्करचा फोन आला. भास्कर माझा मामेभाऊ, सात वर्षांनी लहान. अंबडजवळच्या एका गावात त्याची मोसंबीची बाग आणि कापूस आहे. रेखा त्याची बायको. फोनवर तो एवढंच म्हणाला, "ताई, तू एकदा ये. गाडीचं इचारायचंय. दुसऱ्या कोणाला कळायचं न्हाई."

गाडी त्याला मीच घ्यायला लावली होती. माझ्याकडे जी आहे तीच, फक्त रंग वेगळा. नियमित वाचणाऱ्यांना माझी ती जुनी पोस्ट आठवत असेल, "ब्रेक मारायला विसरलात तरी चालेल" या नावाची. या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट तीच. भास्करने ती वाचली, शोरूमला गेला आणि गाडी बुक करून आला. आता त्या गाडीत बसलेली रेखा अपघातात गेली होती आणि मला जाणं भाग होतं.

पहिला दिवस. पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. नगर रस्त्याने जाणार असाल तर सहाच्या आत वाघोली ओलांडा, नाहीतर तिथेच तासभर जातो. नेवासा फाट्यावर पोहे आणि दोन चहा, साठ रुपये. पोहे कोरडे होते. फास्टॅगमध्ये हजारभर रुपये असू द्या. संभाजीनगरहून जालन्याला समृद्धी महामार्गानेही जाता येतं, पण मी मुद्दाम बदनापूरवरून जुना रस्ता धरला. महामार्गावर गाडी जवळजवळ स्वतःच चालते आणि त्या दिवशी मला ते नको होतं.

आपोआप ब्रेक लावणारी ही यंत्रणा काम कशी करते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल. पुढच्या जाळीमागे रडार असतं. ते लहरी सोडतं, त्या समोरच्या वाहनावर आपटून परत येतात आणि त्यावरून अंतर आणि वेग कळतो. आतल्या आरशामागे, काचेला चिकटून कॅमेरा असतो. समोर आहे ते काय, ट्रक की मोटरसायकल की माणूस, हे तो ओळखतो. दोघांचं जुळलं आणि धडक होणार असं दिसलं की आधी गाडी ओरडते. तरी तुम्ही काही केलं नाही तर ती स्वतः ब्रेक लावते, आणि लावते ते करकचून. चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून एबीएस सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतं आणि पुन्हा धरतं. पायाखाली जी थरथर लागते ती त्याची. हे सगळं गाडी अगदी शेवटी करते, कारण आधीच करू लागली तर आपल्या रस्त्यांवर दर दोन मिनिटांनी थांबेल आणि लोक वैतागून ते बंद करून टाकतील.

बदनापूरजवळ एक मोटरसायकलवाला दुभाजकाच्या फटीतून आडवा आला. गाडी ओरडली, पण त्याआधीच मी ब्रेक दाबला होता. तो हात वर करून हसत निघून गेला. एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी काच खाली न करता पुढे निघाले.

दुपारी दीडला जालना. जेवायला थांबले नाही. अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले तसा पुढे एक ट्रॅक्टर दिसला, ट्रॉलीत सळया. जालन्यात हे काही नवल नाही. इथे सळयांचे कारखाने आहेत आणि आसपासच्या सगळ्या गावांतल्या घरांच्या स्लॅबचं लोखंड याच रस्त्यांनी जातं. भास्करच्या गाडीपुढेही अशीच ट्रॉली होती, एवढं मला कळलं होतं. मी खूप मागे राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले तरी मागेच राहिले.

मामींच्या घरी पोचले तेव्हा भास्कर बागेत होता. मामींनी भाकरी, येसराची आमटी आणि कांदा वाढला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. मराठवाड्यात आलात तर हॉटेलात शोधू नका, कुणाच्या तरी घरी जेवा. मी दोन घास खाल्ले. मामी चुलीपाशी बसून हळूच म्हणाल्या, "सुनंदा, त्यो धड जेवून न्हाई राह्यला. बोलत न्हाई कोणाशी. पोरगी कालेजाला परत गेली, तिच्याशीबी फोनवर हो-न्हाई एवढंच. तुलाच इचारायचंय म्हणतो."

"काय विचारायचंय, मामी?"

"ते मला काय कळतंय बाई. पण तू त्याला सांग, इलाज नव्हता म्हणून. एवढं सांग. गेलेली काई येत न्हाई, राह्यलेलं तरी वाचू दे."

दुसरा दिवस. सकाळी मी एकटीच अंबडला गेले. भास्करची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात, कडुलिंबाखाली उभी होती. तपास करणारे हवालदार पन्नाशीचे आणि थकलेले होते. मी नात्याची आहे आणि मला गाडीतलं थोडंफार कळतं, एवढं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच दाखवलं.

"मॅडम, अठ्ठावीस वरसं नोकरी झाली माझी. आसा पंचनामा केला न्हाई. बंपर बघा. साधा ओरखडा न्हाई."

खरंच नव्हता. नंबरप्लेट सरळ होती. दिवे शाबूत होते. बॉनेटवर पूजेच्या वेळी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक पुसटसं का होईना, तसंच होतं. फक्त समोरच्या काचेला डाव्या बाजूला, मोठ्या परातीएवढं भगदाड होतं.

"टक्कर झालीच न्हाई," हवालदार म्हणाले. "गाडी ट्रॉलीच्या मागं तीन फुटांवर उभी राह्यलती. बराबर थांबली व्हती गाडी."

मी तिथल्या पायरीवर बसले. त्यांनी पाणी मागवलं. काय झालं ते मला कळलं होतं आणि ते समजायला पंचनाम्याची गरज नव्हती.

तरीही जालन्याला गेले. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला राहवत नाही, ही माझी जुनी खोड. एका सळयांच्या वखारीसमोर ट्रॉली भरत होती. सळई चाळीस फुटांची येते. ट्रॉली जेमतेम बारा फुटांची. म्हणून सळई मधून वाकवून दुहेरी करतात, वाकवलेला भाग पुढे आणि सुटी टोकं मागे. तरी सात-आठ फूट मागे लोंबतात. तसं न्यायला परवानगी नाही, पण मोठी गाडी केली तर भाडं तिप्पट, आणि गावातल्या बोळात ती शिरतही नाही. हमाल टोकांना लाल फडकं बांधत होता. मी विचारलं, एवढ्याने भागतं का?

"भागतं की. फडकं दिसलं की मागचा लांब राह्यतो. माझ्या बापाच्या टायमापासून आसंच हाय."

त्याचं चुकलं होतं असं मी म्हणू शकले नाही. भास्करच्या पुढे गेलेल्या ट्रॉलीलाही फडकं होतं, पंचनाम्यात तसं लिहिलंय. पण लाल फडकं माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. रडारला कापड दिसत नाही, बोटभर जाडीच्या सळयांची टोकंही धड दिसत नाहीत. त्याला दिसतं ट्रॉलीचं मागचं रुंद लोखंडी फळकं. कॅमेऱ्याला वाहनाची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं, आणि पाठ म्हणजे तेच फळकं. यंत्राने अंतर मोजलं ते फळक्यापर्यंतचं. तिथून तीन फुटांवर गाडी थांबवली. पण सळया फळक्याच्या सात-आठ फूट अलीकडे आलेल्या होत्या. त्या बॉनेटवरून सरळ काचेपर्यंत पोचल्या. रेखा डाव्या सीटवर होती. पुढचं मी लिहीत नाही.

संध्याकाळी चारच्या सुमाराला भास्कर मला बागेत घेऊन गेला. दाढी वाढलेली, शर्ट अंगाला मोठा झालेला. बांधावर बसलो. तो मातीची ढेकळं फोडत राहिला.

"ताई, तू मागच्या दिवाळीला आल्ती. खोकी लावून दाखवलंतं. आठवतंय?"

आठवत होतं. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही बियाण्यांच्या रिकाम्या खोक्यांची भिंत रचली होती. यंत्राला ती वाहन वाटावी म्हणून मी तिला चंदेरी पत्री आणि गाडीच्या पाठीचं मोठं चित्र चिकटवलं होतं. अर्धं गाव बघायला जमलं होतं. भास्कर गाडी चालवत होता आणि मी बाजूला. पहिल्या वेळी भिंत जवळ आली तसा घाबरून त्याने ब्रेक दाबला. मी त्याच्यावर ओरडले होते, अरे पाय काढ, तू मध्ये पडलास तर तिला करू कसं देणार? दुसऱ्या वेळी त्याने पाय आखडून धरला. गाडी कर्रकन थांबली, भिंत जागच्या जागी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी आणि खोक्यांमधलं अंतर रेखाने हसत हसत वितीने मोजलं होतं.

"त्या दिशी बी आसंच झालं," भास्कर म्हणाला. "चाळीसच्या आसपास व्हतो. म्होरं ट्रॉली व्हती, फडकं दिसलंतं मला. ट्रॉली फाट्यावर वळायला एकदम थांबली. माझा पाय गेल्ता ब्रेकवर, ताई. गेल्ता. अंगठ्याला लागलाबी. मंग गाडी ओरडली आन् मला तुझं आठवलं. मी काढला पाय. म्हणलं तिला करू दे."

मी त्याच्या मातीने भरलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

"मला एवढंच सांग. पाय ठिवला असता तर?"

वाचकहो, मला उत्तर माहीत होतं. सकाळी त्या पायरीवर बसल्यापासून ते माझ्या डोक्यात तयार होत होतं. समोरच्या घरात मामी दाराशी उभ्या होत्या, त्यांना ऐकू जात नव्हतं तरी त्या आमच्याकडेच बघत होत्या. मी म्हणाले, "काही फरक पडला नसता, भास्कर. एवढ्या अंतरात कुणीच थांबवू शकलं नसतं."

तो बरं म्हणाला. हातातली माती झटकली आणि उठून पाण्याचा कॉक बंद करायला गेला. रात्री त्याने अख्खी भाकरी खाल्ली. मामींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा दिवस. सकाळी सातला निघाले. भास्कर गाडीपर्यंत आला, टायरमधली हवा पायाने दाबून बघितली. मग खिडकीशी वाकला.

"ताई, तू हे लिवशील ना?"

"नाही रे. हे कसं लिहिणार?"

"लिव. लोकं तुझं वाचून गाड्या घेऊन राह्यले. पण तिथं तरी खरं लिव. काल बोलताना तू माझ्याकडं बघत नव्हती."

परतीच्या रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. कुठे थांबले, काय खाल्लं, आठवत नाही. संध्याकाळी घरी आले आणि ती जुनी पोस्ट उघडली. खाली शेकडो कौतुकं. एकाने लिहिलं होतं, ताई, तुमच्यामुळे आईसाठी हीच गाडी घेतली. मी पोस्ट काढून टाकायला गेले आणि थांबले. काढली तर मी जणू ते कधी लिहिलंच नाही असं होईल. आता तिच्या वरती लाल अक्षरांत या लेखाचा दुवा दिलाय. आईसाठी गाडी घेणाऱ्याला वेगळं पत्रही लिहिलंय.

ही यंत्रणा वाईट नाही. माझ्या गाडीत ती आजही चालू आहे आणि तुम्हीही बंद करू नका. पण ती तुमचा पाय चुकला तर धावून येण्यासाठी आहे, पायाच्या जागी नाही. तुम्ही ब्रेक दाबलात तर तिच्या कामात बिघाड होत नाही. उलट तुमचा दाब कमी पडला तर ती वाढवते. खोक्यांच्या भिंतीपुढे तुम्ही ब्रेक दाबलात तर फक्त तमाशा बिघडतो. मला त्या दिवशी तमाशा हवा होता, चारचौघांत मिरवायचं होतं. त्या हौसेपोटी मी गाडी चालवणाऱ्या माणसाला ब्रेकवरचा पाय काढायला लावलं. सळया, बांबू, ऊस, पाइप, वाहनाच्या बाहेर आलेलं काहीही पुढे असेल तर अंतर टोकापासून मोजा, आणि ते तुम्हीच मोजा. गाडी मोजणार नाही.

आता भास्करसाठी. तू हे वाचणार आहेस, मला माहीत आहे. मामींना वाचून दाखवू नकोस.

बांधावर मी खोटं बोलले. तू फडकं पाहिलं होतंस, आणि गाडी ओरडायच्या आधी तुझा पाय ब्रेकवर पोचला होता. तेव्हाच दाबला असतास तर गाडी आणखी आठ-दहा फूट अलीकडे थांबली असती. सळया काचेपर्यंत पोचल्या नसत्या. रेखा आज घरी असती.

तुझा पाय बरोबर ठिकाणी गेला होता, भास्कर. तो काढायला तुला मी शिकवलं.