यांनी बांधलेले पन्नास डोळे

शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची नर्सरी आहे. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, सालीखाली संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. माझ्या नवऱ्याने पंचवीस वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी यांचा उजवा हात थरथरायला लागला.

अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी पार्किन्सन सांगितला. मी प्रश्न वहीत लिहून नेले होते. त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होते. तिथे लागणारी बहुतेक प्रथिनं बाहेरून येतात आणि त्यांना ओळखून आत घेणारा एक ग्राही दारावर असतो. या आजारात दुसरंच एक प्रथिन त्या ग्राहीला चिकटून बसतं, असं संशोधनात दिसतंय. मग प्रथिनं आत जात नाहीत आणि मेंदूतल्या पेशी थकत जातात.

हे म्हणाले, "म्हंजे खत टाकून राहिलो, पण मूळ उचलून नाही राहिलं."

"अगदी तसंच."

"मंग पानावर फवारा मारा ना, बाई."

"ही गोळी म्हणजे तो फवाराच. पानं तरतरीत दिसतील, मूळ तसंच राहील."

"ते दार मोकळं करायचं औषध?" मी विचारलं.

"सध्या नाही."

वहीतले पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

थंडीत डोळे बांधायला घेतले. गोळीने हात बरा होता. "पन्नास रोपं माही. तू हात लावू नको," यांनी बजावलं. तेवढ्याला अख्खा दिवस लागला. चिरा खोल जात होत्या, पट्ट्या सैल बसत होत्या. मला दिसत होतं. मी माझी ओळ बांधत राहिले.

तीन आठवड्यांनी मी यांच्या रोपांच्या पट्ट्या सोडल्या. डोळा जगला की हिरवा असतो.

"हिरवा?" यांनी मागून विचारलं.

"काळा."

"हा?"

"काळा."

विसाव्या रोपानंतर यांनी विचारणं सोडलं. पन्नासात तीन हिरवे निघाले.

"बाकीच्याईले उद्या दुसऱ्या बाजूनं नवा डोळा बांधून टाक," हे म्हणाले. "तू बांध."

रोपाचं काय करायचं ते मला येतं. यांनी खिशातून चाकू काढला, पुसला आणि मिटायला लागले. पातं खाचेत बसेना. मी हात पुढे केला, तशी यांनी पाठ फिरवली. चाकू मिटेपर्यंत मी पट्ट्या गोळा करत थांबले.